शनिवारच्या नृत्य-वाचन वर्गाबद्दल

सर्व ताई-दादांनो,

शनिवारी मुलं यायच्या १५ मिनिटं आधी हॉलवर पोहोचा. जमणार नसेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथे कळवा. मागच्या वेळी एक ताई आली नाही, तर तिच्या जोडीतली मुलगी नाच सोडून दाराकडेच बघत बसली होती.

आधी वॉर्म-अप, मग नाच, शेवटी वाचन. नाचताना आठपर्यंत मुलांनाच मोठ्याने मोजू द्या. त्याच ठेक्यावर शब्द फोडायचे: 'पा-ऊ-स' तीन टाळ्या, 'पा-णी' दोन. कानाला शब्दाचे तुकडे कळले की अक्षरं जुळवणं सोपं जातं, म्हणून हा भाग घाईत उरकू नका.

वाचताना मूल अडलं तर लगेच शब्द सांगू नका, मनात पाच मोजा. जोडाक्षर असेल तर मात्र आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून. एका पानावर पाचेक शब्द अडले तर सरळ सोपं पुस्तक द्या. चुकलं म्हणून सगळ्यांसमोर पुन्हा वाचायला अजिबात लावायचं नाही.

पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढू नका. न्यायला आलेल्या माणसाचं नाव यादीत पाहूनच मूल सोडा. यादी आणि वह्या मी आणते.