कपाटातले प्रबंध एकदा मोजून बघा: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

नाशिकमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झाले. एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्यांचे प्रबंध नोंदवून घेणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं. सबमिशनच्या आठवड्यात रेसिडेंट डॉक्टर रात्रपाळी उरकून तसेच यायचे, टेबलावर प्रत ठेवायचे, पोच घ्यायचे आणि वॉर्डात पळायचे. प्रत कपाटात जायची. पुढे ती कोणी काढलीच, तर पुढच्या बॅचचा विद्यार्थी, तोही मांडणी कशी करतात एवढंच बघायला.

शेवटच्या काही वर्षांत मी एक दोनशे पानी वही सुरू केली. दर प्रबंधाला एक ओळ: वर्ष, विभाग, आजार, रुग्ण कुठले. मधुमेह, रक्तदाब, रक्तक्षय यांनी पानंच्या पानं भरली. 'रुग्ण कुठले' या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच शब्द आला: ओपीडी. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या मजुराची ओळ मला लिहायची होती. मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या कामगाराच्या कानांची आणि फुफ्फुसांची लिहायची होती. सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरच्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची लिहायची होती. त्या ओळी लिहायची वेळ फार क्वचित आली. शेतमजूर आजारी पडतो तेव्हा आमच्या ओपीडीत येतोच असं नाही, आणि जो ओपीडीत येत नाही तो प्रबंधातही येत नाही.

एका ग्रंथालयाच्या वहीवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नये, हे मला कळतं. म्हणूनच हे पत्र. 1998 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याच नाशिकला, दिंडोरी रस्त्यावर आहे. राज्यभरातल्या ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंगच्या महाविद्यालयांचा कारभार तिथून चालतो. पीजीच्या, म्हणजे एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा असतो आणि त्याआधी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा थोडक्यात आराखडा, द्यावी लागते. म्हणजे राज्यात येत्या दोन वर्षांत कशावर संशोधन होणार आहे, हे आधीच कागदावर आलेलं असतं. त्या कागदांची बेरीज करून ती दरवर्षी लोकांसमोर ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे.

ही विद्या नवी नाही. पुस्तकं आणि वाचक मोजण्याच्या शास्त्राला आपल्याच ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1948 साली 'लायब्रामेट्री' असं नाव दिलं. पुढे अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये कोणता शोधनिबंध कोणाचा आधार घेतो याची सूची छापायला घेतली. आज पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर, साडेतीन कोटींहून अधिक नोंदी फुकट बघायला मिळतात. एखाद्या आजारावरचं संशोधन वाढतंय की आटतंय, हे घरबसल्या काढता येतं. पण मोजणाऱ्याला खाचखळगे माहीत हवेत, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण चुकीची मोजणी न मोजण्याहून वाईट.

'नाशिक' टाकून शोधलं की एक यादी येते, 'नासिक' टाकलं की दुसरी. पेठ तालुका जुन्या इंग्रजी कागदांत 'पेंट' म्हणून सापडतो. पबमेडच्या विषयसूचीत भारत आहे, सुरगाणा तालुका नाही. त्यातही पत्ता लेखकाचा असतो, रुग्णाचा नव्हे. मुंबईच्या डॉक्टरांनी त्र्यंबकेश्वरच्या पाड्यावर केलेलं काम मुंबईच्या खात्यावर जमा होतं. आणखी एक गोष्ट: 2014 पूर्वी पबमेडमध्ये पहिल्या लेखकाचाच पत्ता नोंदवत, तेव्हापासून सगळ्यांचे नोंदवतात. त्या वर्षी नाशिकचा आलेख उसळलेला दिसला, तर संशोधन वाढलं असं कोणी समजू नये, नोंदवायची रीत बदललेली आहे. 2015 मध्ये मेडिकल कौन्सिलने प्राध्यापकांच्या बढतीसाठी कोणते निबंध धरायचे याचे नियम ठरवले. अशा नियमांनीही निबंधांचा आकडा हलतो, आजार होते तिथेच असतात. म्हणून नुसत्या संख्येवर जाऊ नका. कोणता आजार, कोणता तालुका, रुग्ण दवाखान्यातला की वस्तीवरचा, हे तीन रकाने भरले तरच त्या आकड्याला काही अर्थ.

प्रबंधांचं दुखणं आणखी वेगळं. त्यातले कितीतरी छापलेच जात नाहीत, म्हणून पबमेडला ते दिसत नाहीत. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मुख्यतः पीएच.डी.चे प्रबंध असतात. एम.डी.चं काम मध्येच अडकून पडतं, कुठल्यातरी कपाटात.

वस्तीवर जाऊन केलेलं संशोधन काय करू शकतं, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तो 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावातल्या बायकांना शिकवून नवजात मृत्यूंचं प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक खाली आणता येतं, हे त्यात आकड्यांनिशी होतं. 2011 पासून देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. तो प्रश्न ओपीडीत बसून सापडला नसता.

तेव्हा साहेब, विद्यापीठाला सांगून पहिला तक्ता या वर्षीच काढायला लावा. गेल्या पाच वर्षांच्या सिनॉप्सिस घ्या, वरचे तीन रकाने भरा आणि शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार आकडेवारी ठेवा. विद्यार्थ्यांची नावं गाळा, त्यांची काही चूक नाही. दोन-तीन वर्षांच्या मुदतीत, स्वतःच्या खिशाने, ड्युटी सांभाळून पेठच्या पाड्यावर जाणं त्यांना परवडत नाही. ज्या तालुक्याचा रकाना रिकामा, तिथला विषय घेणाऱ्याला एसटीचं भाडं, तपासणीचा खर्च आणि महिनाभर ग्रामीण रुग्णालयात राहायची सोय द्या. पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागातले शिक्षक हे मार्गदर्शन आनंदाने करतील, त्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं बोलणं झालेलं आहे.

2026-27 चा सिंहस्थही आहेच. गोदाकाठी लाखो माणसं येतील आणि जातील. त्या काळातल्या आजारांवर किती सिनॉप्सिस मंजूर झाल्या आहेत, हे आज विचारलं तर लगेच उत्तर मिळायला हवं.

माझ्या त्या एका वहीच्या पुढे तीन वह्या झाल्या. त्यांत कोणाचं नाव नाही, नुसत्या ओळी आहेत. मंत्रालयात किंवा दिंडोरी रस्त्यावर, आपण म्हणाल तिथे आणून देईन आणि रकाने कसे भरायचे ते बसून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, नाशिक