जवानाचं क्वार्टर ही खिरापत नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जवानांना पगार आहे, कॅन्टीन आहे, घरभाडं भत्ता आहे, मग त्यांच्या क्वार्टर्सवर आणखी कोट्यवधी कशाला, असा सूर हल्ली बराच ऐकू येतो. माझे पती लष्करात हवालदार आहेत, सध्या फील्डमध्ये, म्हणजे सीमेकडच्या तैनातीवर. मी दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन सोलापुरात विजापूर रोडला भाड्यानं राहते, म्हणून हे पत्र.

फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या लष्करी ठाण्याला, नेता येतं, पण तिथं क्वार्टरसाठी वेटिंग लिस्ट. नंबर लागून सामान लावतोय तोवर पुढच्या बदलीची कुजबुज सुरू. 2002 च्या सुमारास सरकारनं मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्ट काढला, लष्करातल्या विवाहितांसाठी टप्प्याटप्प्यानं सुमारे दोन लाख घरं बांधायची म्हणून. काम रखडलं. त्याचा जाब जरूर विचारा, पण रखडलं म्हणून घरंच नकोत, हे कुठलं शहाणपण?

आता घरभाडं भत्ता. तो शहराच्या वर्गावर ठरतो; सोलापूर ‘वाय’ वर्गात, म्हणजे मूळ पगाराच्या 20 टक्के. रक्कम वाईट नाही, खोटं कशाला बोलू? पण भत्ता काही घर शोधून देत नाही, ते मलाच शोधावं लागतं. घरमालकाचा पहिला प्रश्न, ‘साहेब कधी येणार?’ दुसरा, ‘मग घरात पुरुषमाणूस कोण?’ जुळे सोलापुरात एका ठिकाणी बोलणी डिपॉझिटपर्यंत आली होती. पती वर्षातून दोनदाच येतात कळल्यावर घरमालकीणबाईंना अचानक पुण्याचा भाचा आठवला. मिळालंच घर, तर अकरा महिन्यांचा करार. पाणी चार-पाच दिवसांआड, तेही मिळेल त्या वेळी. मोटर लावून मी टाकीपाशी उभी असताना पतींचा फोन येतो. घर खाली करायला सांगितलंय, हे त्यांना तेव्हा सांगायचं की नाही? रात्रीची ड्युटी असते त्यांची. मी बहुतेकदा सांगत नाही.

क्वार्टर म्हणजे चैन, असं वाटणाऱ्यांनी एकदा ‘मार्चिंग आउट’, म्हणजे क्वार्टर सोडतानाची तपासणी, बघावं. एमईएसचा, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचा, माणूस यादी घेऊन येतो. पंखे, ट्यूब, नळ, कड्या, खिडकीच्या काचा, एकेक वस्तू ताडून बघतो. काच तडकलेली असली की बॅरेक डॅमेज, म्हणजे नुकसानभरपाई, म्हणून पैसे भरा. आम्ही निघालो की दुसरं कुटुंब येतं, घर सरकारचंच राहतं. शिवाय क्वार्टर मिळालं की घरभाडं भत्ता बंद होतो, हा हिशेब टीका करणारे मांडतच नाहीत.

आपल्याच कुंभारीत विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरं झाली, मग रे नगरला 30,000 घरांचा प्रकल्प आला, त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या. सरकारी अनुदान त्यातही होतं आणि ते योग्यच होतं. सोलापूरकरांना घराचं मोल नव्यानं सांगायला नको.

फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी वेगळी क्वार्टर्स असतात, पण ती लष्करी ठाण्यांत. सोलापूरला कॅन्टोन्मेंट, म्हणजे लष्करी छावणी, नाही. पुण्यात मिळालं तरी सासूबाईंचा दवाखाना इथं, मोहोळची शेती इथं, ते कोण बघणार? बार्शी, माढा, करमाळा, कुठल्याही तालुक्यातल्या जवानाच्या घरी हेच. राज्यानं सोलापुरात जागा द्यावी, संरक्षण खात्यानं शंभरेक क्वार्टर्स बांधावीत, वाटपाची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं फलकावर लावावी. आपल्या खासदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा, एवढी विनंती.

आपली,
एका हवालदाराची पत्नी,
विजापूर रोड, सोलापूर