एका बुटाच्या नाडीबद्दल

भाईजी, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, पण अक्षरं तुमच्या ओळखीची आहेत. अडलंच तर गुशैणी गावात एखादा मराठी ट्रेकर सापडेल, त्याला वाचून दाखवायला सांगा.

फलाचन नदीच्या काठी फ्लायने, म्हणजे पिसांच्या नकली माशीने, मासे धरायला शिकवताना तुम्ही रॉड, म्हणजे गळाची काठी, माझ्या हातातून काढून घेतला नाहीत. आधी शिकवणारे सगळे तेच करायचे: "द्या इकडे, असं टाकायचं." तुम्ही खडकावर टेकलात, उजव्या बुटाची नाडी ओढून काढलीत आणि रॉडचं बूड मनगटाला बांधलंत, दोन बोटं जातील एवढी ढील ठेवून. मग शेवाळलेल्या गोट्यांवर तोच सैल बूट घालून माझ्यामागे उभे राहिलात. पाणी किती गार होतं ते ठाऊक आहे, म्हणून ती नाडी डोळ्यांपुढून हलत नाही.

ती नाडी काय करते, हे इकडे पैसे मोजूनही कुणी सांगितलं नव्हतं. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. फ्लायला वजनच नसतं. पिसं आणि धागा, बस. इथे वजन दोरीचं, आणि ती मागे पूर्ण सरळ झाल्याशिवाय रॉड वाकत नाही. आपली सवय मनगट मोडायची. मनगट मागे पडलं की रॉडचं टोक घड्याळाच्या एकावर थांबायचं ते तीनावर जातं, दोरी मागच्या झुडपात अडकते. न थांबता घाईने पुढे झटका दिला की चाबकासारखा आवाज येतो आणि माशी तुटून जाते. नाडी बांधलेली असली की बूड मनगटापासून सुटूच शकत नाही. हात कोपरातून चालतो, दहा ते एक, दहा ते एक, आणि मागे एक श्वासभर थांबा. भाषणाची गरजच नाही.

ज्यांनी शिकवायचे पैसे घेतले, त्यांनी नऊ फुटी, आठ नंबरचा, म्हणजे जड दोरीचा, रॉड गळ्यात मारला. तो महसीरसारख्या मोठ्या माशासाठी ठीक. दहा पावलं रुंदीच्या, झाडांनी झाकलेल्या ओढ्याला साडेसात-आठ फुटी, तीन किंवा चार नंबरचा रॉड पुरतो, तरंगणारी दोरी आणि तिच्या टोकाला साडेसात फुटांचा लीडर, म्हणजे बारीक नायलॉनचा धागा. लीडरचं शेवटचं बारीक टोक, म्हणजे टिपेट, ५ एक्स जाडीचं, साधारण ०.१५ मिलिमीटर. माशी १४ किंवा १६ नंबरच्या गळावर बांधलेली. गाठीला पाच वेढे, आणि आवळण्याआधी थुंकी लावायची, कारण कोरडा नायलॉन घासून तापतो आणि तिथेच तुटतो. (गाठ तुटली की मासा फार मोठा होता म्हणायचं, ही आपली जुनी रीत.) मागे जागाच नसेल तर दोरी मागे न फेकता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे सोडायची. हे रोल कास्टिंगही त्यांच्या 'कोर्स'मध्ये नव्हतं.

तुमचं दुसरं शिकवणं तर बोटाने दाखवण्यापुरतंच होतं. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालून वर, वाकून जायचं. दगडामागच्या संथ पाण्याकडे सगळेच बघतात. दगडासमोर पाणी दबून जी उशी होते, तिथेही तो असतो. आणि मधल्या वेगवान धारेवर दोरी टेकवायची नाही. धार दोरी ओढते, दोरी माशी ओढते आणि माशी पाण्यापेक्षा वेगळ्या चालीने सरकली की ट्राउट मासा तोंड फिरवतो. रॉड उंच धरायचा, पाण्यावर फक्त लीडर. चार-पाच मीटरच्या टप्प्यात याहून जास्त लागत नाही. मे-जूनमध्ये दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, गढूळ होतं, तेव्हा सकाळच खरी.

मासा लागल्यावर मात्र तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात: "हाथ गीला!" कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मागाहून त्या जागी बुरशी धरते. गळाचा उलटा काटा पक्कडीने तुम्ही आधीच दाबून टाकला होता. मासा प्रवाहाकडे तोंड करून धरायचा, मागेपुढे हलवायचा नाही, आणि तो आपण होऊन निघून जाईपर्यंत थांबायचं.

ब्राउन ट्राउट तुमच्या कुल्लूकडचा मूळचा नव्हे. १९०९ च्या सुमारास इंग्रजांनी आणून सोडला, आणि सोबत महागड्या सामानाचा रुबाबही आला. तो रुबाब आमच्याकडच्या दुकानांत अजून विकला जातो. तुमच्याकडे उरला तो मासा, आणि पाणी राखायची सवय. तीर्थन नदीवरच्या वीजप्रकल्पांविरुद्ध माजी आमदार दिलेराम शबाब लढले, त्या खोऱ्यातली ही माणसं. पाणी वाचवणं मोठं काम. पण अनोळखी माणसासाठी स्वतःचा बूट सैल करून ओढ्यात उभं राहणं मला त्याच जातीचं वाटतं. आपलेपणाला ना परवाना लागतो, ना हंगाम. परवान्यावरून आठवलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, इकडच्या मंडळींनी तेव्हा जाऊन उगाच तुम्हाला भरीला घालू नये.

तुमची नाडी परत करायची राहिली. ती धुऊन, वाळवून, दोन नव्या नाड्यांसोबत पाठवतो आहे. नव्या सव्वा मीटरच्या आहेत. तुमच्या बुटाला सहा भोकं होती, तेव्हा पुरतील असा अंदाज आहे. कमी पडल्या तर कळवा.

तुमचा,
मनगट आता न मोडणारा एक गळवाला