मी हाये जागी

सेविकाताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. गेल्या श्रावणात इगतपुरीला, धम्मगिरीवर, विपश्यना ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिरात बायकांच्या बाजूला तुम्ही सेवेला होतात. पहाटे चारला घंटी वाजवत आमच्या खोल्यांवरून जायचात. बोलण्यात वऱ्हाडी हेल होता. एवढ्या खुणांवरून कुणीतरी हे तुमच्यापर्यंत पोचवेल, म्हणून उघडंच पत्र लिहिते आहे.

मी आले ती आईचं वर्षश्राद्ध उरकून. ११ वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. ती गेली, पण माझी झोप दोन तासांचीच राहिली. नातेवाईक म्हणायचे, 'सुटलीस, आता स्वतःसाठी जग.' त्यातलं 'स्वतः' म्हणजे कोण, हेच मला आठवेना. घरात एकटी होते, पण तो काही एकांत नव्हता. दिवसभर टीव्ही लावून ठेवायचे, कुणाचा तरी आवाज हवा म्हणून.

शिबिरात तोही आधार गेला. फोन जमा, वही-पेन नाही, आर्य मौन, म्हणजे एकमेकींशी बोलणं नाही, खाणाखुणाही नाहीत. पहिले तीन दिवस नाकाच्या दाराशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली आणि मग तासभर न हलता बसायचं अधिष्ठान सुरू झालं. अंगावर जी संवेदना उठेल ती नुसती जाणायची, धरायची नाही, ढकलायची नाही. माझ्या तर तळव्यांत आईच्या खांद्याचं वजन यायचं. खरंखुरं वजन, ताई. आणि माझे हात धरायलाच शिकलेले.

सहाव्या रात्री दोनला जाग आली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी पायरीवर येऊन बसले. सकाळी सामान घेऊन निघायचं, असं ठरवूनच टाकलं होतं. पलीकडच्या खोलीतल्या आजींना बघून तुम्ही परत येत होतात. माझ्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून तुम्ही टॉर्च खाली वळवलात, तेवढं मला अजून दिसतं. हळूच विचारलंत, "रोज याच वेळी उठता. कोणासाठी?"

"आईसाठी. ती नाही आता."

तुम्ही समजूत घातली नाहीत. सगळं अनित्य आहे, असंही म्हणाला नाहीत. म्हणालात, "झोपा बाप्पा आता. मी हाये जागी."

हे वाक्य मी आईला किती रात्री म्हटलं असेल! मला कुणी म्हटलं नव्हतं. आत जाऊन डोक्यावरून चादर घेतली, ती तुमच्या घंटीलाच उठले.

दुसऱ्या दिवशी अधिष्ठानात वजन पुन्हा आलं. या वेळी मी हात आवळले नाहीत. बऱ्याच वेळाने ते आपोआप विरलं, आणि मी तिथेच होते. रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेली, श्वास घेणारी. आत्मज्ञान झालं असं मी म्हणणार नाही. पण आईला उचलणारी बाई उठून गेल्यावरही आत कुणीतरी बसलेलं होतं, आणि तिची मला भीती वाटली नाही.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची साधना, झाली, मौन सुटलं, एकच कलकलाट उठला. मी तुम्हाला शोधत भोजनालयात आले तर तुम्ही पातेली विसळत होतात. मी नुसते हात जोडले. नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या दहा दिवसांच्या जेवणाखाण्याचा खर्च आधीच्या साधकांच्या दानातून झाला होता, आणि तुमच्या सेवेलाही मोल नव्हतं. याची परतफेड कुणाला करायची, हा प्रश्न घेऊनच घरी आले.

हल्ली टीव्ही बंद असतो. दोनला जाग येते कधीकधी. तेव्हा तुमचा तो हेल कानात येतो आणि मी कूस बदलून झोपते. माझीच कूस.

एक शिबिर पूर्ण केलेल्याला सेवा देता येते, म्हणून मीही अर्ज केला होता. पुढच्या महिन्यात बोलावलं आहे. टॉर्चमध्ये नवे सेल घालून ठेवलेत.

तुमची,
सहाव्या रात्री पायरीवर बसलेली