पायथन शिकवताना आधी शेल उघडा

महोदय,

सीबीएसईच्या अकरावी-बारावीला संगणकशास्त्र म्हणजे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. पण अनेक वर्गांत सुरुवातच वीस ओळींच्या फाइलने होते आणि चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते शोधण्यात तास संपतो. पहिले काही तास नुसतं शेल, म्हणजे एकेक ओळ लिहून लगेच उत्तर मिळणारी पायथनची खिडकी, वापरू द्यावं, अशी शिक्षकांना विनंती.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पी-वाय ही दोन अक्षरं टाइप करून एंटर मारलं की >>> अशी खूण येते. तिथे एक ओळ लिहायची, उत्तर लगेच खाली. मागचं उत्तर अंडरस्कोरमध्ये राहतं, त्यामुळे ते पुन्हा टाइप करावं लागत नाही. फाइल चालवायची आज्ञा मात्र या खुणेपुढे लिहू नये. ती विंडोजची आज्ञा आहे, पायथन तिला सिंटॅक्स एररच (लिहिण्याचे नियम चुकल्याची तक्रार) देणार. आधी कंट्रोल-झेड आणि एंटर करून बाहेर पडावं, लिनक्सवर कंट्रोल-डी.

सगळ्यात जास्त घोळ रिकाम्या ओळीने होतो. फंक्शन, म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा गट, लिहिताना खूण बदलून तीन टिंबं येतात आणि रिकामी ओळ आली की शेल फंक्शन संपलं असं धरतं. फाइलमधून उचलून चिकटवलेल्या फंक्शनच्या पोटात अशी ओळ असली, तर पुढच्या ओळीवर इंडेंटेशन एरर (ओळीआधीची मोकळी जागा चुकल्याची तक्रार) येते आणि मुलं बिचारी स्पेस मोजत बसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत एफ-३ दाबून चिकटवलं की हा त्रास होत नाही. पण लॅबमध्ये विंडोज ७ असेल तर ३.८ च्या पुढची आवृत्ती बसतच नाही. तिथे चिकटवण्याआधी मधल्या रिकाम्या ओळी काढाव्यात.

दुसरी गफलत इम्पोर्टची, म्हणजे फाइलमधला कोड शेलमध्ये आणण्याची. फाइल दुरुस्त करून पुन्हा इम्पोर्ट केली तरी शेल ती नव्याने वाचत नाही, जुनंच फंक्शन चालतं. ती पुन्हा वाचायला लावणारं, पायथनच्या इम्पोर्टलिब या मॉड्यूलमधलं रीलोड आहे, पण नवशिक्यांनी सरळ शेल बंद करून उघडावं. शेलमध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवणाऱ्या खणाचं, नुसतं नाव लिहिलं की किंमत दिसते, फाइलमध्ये प्रिंटशिवाय काहीच दिसत नाही, हेही आधीच सांगावं.

आपल्या मुलांसाठी एक खास प्रयोग. अक्षरचिन्हं मोजणाऱ्या लेन या फंक्शनला ‘मराठी’ हा शब्द अवतरणात द्या, उत्तर ५ येतं. काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. यादी करणाऱ्या लिस्टला तोच शब्द दिला की ते सुटे सुटे दिसतात. देवनागरी अंकांत १२ + ३ लिहिलं तर सिंटॅक्स एरर, पण ‘१२’ अवतरणात घालून पूर्णांक बनवणाऱ्या इंटला दिलं तर बारा बिनतक्रार मिळतात! कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत देवनागरीऐवजी चौकोन दिसले तर पायथनबरोबरच येणारं आयडल हे शेल असलेलं ॲप उघडावं.

शेल बंद केलं की त्यातली व्हेरिएबल्स जातात. जमलेली ओळ तेव्हाच फाइलमध्ये उतरवायला लावावी.

– एक वाचक, पुणे