ते गणवेश माझ्या दुकानात आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या आपल्या अंकात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. गणवेश न घालता कामावर येणाऱ्या कर्मचाऱ्यांना दंड करणार, असं एका सरकारी कार्यालयाच्या साहेबांनी बैठकीत ठणकावलं म्हणे. बातमीत कर्मचाऱ्यांची बाजू कुठे नव्हती. ती मला ठाऊक आहे, कारण त्यांचे गणवेश माझ्याकडे आहेत. साताऱ्यात शनिवार पेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर आज सकाळी मोजले, तर १४ पँटी, ९ शर्ट आणि २ पंजाबी ड्रेस निघाले. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली. 'कंबर सोडणे', 'बाही दीड इंच कमी', 'सीट उसवली'. एका पँटीवर नुसतंच 'काहीतरी करा' लिहिलंय.

मी ३४ वर्षं मशीनवर बसतोय. वडिलांच्या काळात दोन-तीन खात्यांचं कापड ताग्याने यायचं, कर्मचाऱ्याला पीस कापून मिळायचा आणि वर थोडी शिलाई. तो आमच्याकडे येऊन माप द्यायचा. ते दिवस फार सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. शिलाईचे पैसे तेव्हाही खऱ्या शिलाईच्या निम्मेही नसायचे. शिपायाच्या खाकी कापडाची चड्डी त्याच्या पोराच्या अंगावर शाळेत दिसायची, हेही खरं. शिवाय ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड असेल तर पँटीला सरसकट १ मीटर २० सेंटिमीटर. आता साताऱ्यात नोकरीला लागलेले पैलवान काय कमी आहेत? एका पैलवान गड्याची मांडी माझ्या कंबरेएवढी होती. त्याला दीड मीटरच्या खाली कापड पुरायचंच नाही. मग उरलेलं कापड तो पदरच्या पैशाने शोधायचा, आणि रंग कधी जुळायचा नाही. म्हणजे मापाचं दुखणं तेव्हाही होतं. फक्त तेव्हा कर्मचारी आणि शिंपी निदान एकमेकांच्या समोर उभे असायचे.

आता गणवेश तयार येतात. कुठल्या तरी गोदामातून गाठोडी निघतात, त्यांवर ३८, ४०, ४२ असे आकडे असतात आणि कार्यालयाच्या व्हरांड्यात वाटप होतं. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. एकाला दोन पँटी मिळाल्या, त्यातली एक ३४ कंबरेची आणि दुसरी ४०. "मास्तर, दोन्हींच्या मधोमध मी आहे," असं म्हणत तो दुकानात आला. हसलो दोघंही. एक सोडायची, एक आवळायची, सीट शिवायची, बॉटम वर घ्यायचा, असं सगळं धरून त्याचे २४० रुपये झाले. सरकारने फुकट दिलेल्या गणवेशाचे. माझा गल्ला भरतोय, मग मी का तक्रार करावी? खरं सांगायचं तर वर्षातले दोन महिने मी सरकारी गणवेश उसवूनच जगतो.

पण प्रत्येक वेळी ते जमतंही नाही. आम्ही माणसाच्या मापाची पँट शिवतो तेव्हा मागच्या शिवणीत वर कंबरेपाशी दीड इंच दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवतो. माणसाचं पोट सुटणार हे शिंप्याला आधीच माहीत असतं. पुढे कंबर दोन-अडीच इंच सोडता येते. तयार मालात कापड वाचवायला कडेला ओव्हरलॉक मारतात आणि आत जेमतेम बोटाच्या पेरभर कापड राहतं. सोडू काय? मग मी बाजूला दुसऱ्या कापडाची पट्टी जोडतो आणि गिऱ्हाईक शर्ट बाहेर काढून ती झाकतो. आणि शर्ट इन केला नाही म्हणून साहेब पुन्हा बोलतात.

तरीही माप ही यातली हलकी गोष्ट. खरं मी हे पत्र लिहायला बसलो ते कापडासाठी. माझ्याकडे एक वायरमन येतो. खांबावर चढताना पँटीची सीट उसवते ही त्याची तक्रार. चढणाऱ्या माणसाच्या पँटीला दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा जोडावा लागतो, लेंग्याला असतो तसा. तो मी जोडून दिला. पण पँट हातात घेतल्यावर कापड जरा गुळगुळीत, तेलकट लागलं. शिवणीतला एक धागा ओढून काडी लावली. सुती धागा जळला की कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरगळणारी राख पडते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला काळी टणक गोळी होते. सुती-पॉलिस्टर मिसळीच्या कापडात दोन्ही थोडं थोडं दिसतं. इथे राख नावालाही नव्हती. मग कापडाच्या ताण्यातला (उभा) आणि बाण्यातलाही (आडवा) धागा काढून पाहिला. तेच. ही काही प्रयोगशाळेची परीक्षा नव्हे, मान्य. पण पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. विजेच्या खांबावर ठिणगी उडाली तर त्या माणसाच्या अंगावर काय असायला हवं, हे शिंप्याने सांगायची गोष्ट आहे का? अशा कामाला जाड सुती कापड हवं, जमल्यास आग धरू न देणारी प्रक्रिया केलेलं. ते महाग पडतं, चुरगळतं, रंग लवकर उतरतो. फोटोत छान दिसत नाही. म्हणून मागे पडतं.

हवामानाचंही तेच. आपला जिल्हा कसा आहे ते बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिकडे माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. बामणोलीकडे जंगलात हिंडणाऱ्या वनरक्षकाची पँट श्रावण संपेपर्यंत वाळत नाही, तिथे लवकर वाळणारं मिश्र कापडच बरं. तिकडे माणमध्ये दहिवडीच्या उन्हात कालव्यावर फिरणाऱ्या पाटकऱ्याला तेच कापड घामोळ्यांनी हैराण करतं. एकाच राज्यात नव्हे, एकाच जिल्ह्यात दोन कापडं लागतात. खाकी रंगाचा शोधसुद्धा अशाच अडचणीतून लागला. 'खाक' म्हणजे धूळ. १८४० च्या दशकात पेशावरकडे लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पलटणीचे कपडे धुळीच्या रंगात रंगवून घेतले, कारण पांढरा आणि लाल रंग त्या मुलखात चालत नव्हता. त्याने आधी मुलूख बघितला, मग कपडा ठरवला. आपण आधी दर बघतो.

बायकांचं तर विचारूच नका. क्षेत्रीय कामावरच्या मुलींना पुरुषी कापाच्या पँटी येतात. नितंबावर तंग, कंबरेला सैल. पट्ट्याने आवळली की मागे चुण्यांचा गठ्ठा. गरोदर बाईने काय घालावं याचा विचार मला कुठल्या गणवेशात अजून दिसलेला नाही. अंगणवाडीच्या ताईंना साडी मिळते, ब्लाउज मात्र त्यांनी पदरच्या पैशाने शिवायचं. आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी करायला दिवसभर फोन हातात. साडीला खिसा कुठून आणायचा? एका ताईंना मी साडीच्याच काठाचं, कमरेला खोचायचं छोटं पाकीट शिवून दिलं. आता त्यांच्या बीटमधल्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या, सगळ्या जणी तेच मागतात. हा माझा आजवरचा एकमेव सरकारमान्य नसलेला पण सर्वांत यशस्वी पुरवठा.

'एवढं कळतं तर तुम्हीच का पुरवत नाही?' असं आपल्याला वाटेल. प्रयत्न केला ना. लहान उद्योगाची 'उद्यम' नोंदणी केली, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर भाच्याच्या मदतीने नाव घातलं. २०१६ पासून हे पोर्टल आहे आणि त्याचा हेतू चांगलाच आहे. कोण किती दराने काय देतंय ते उघड दिसतं, साहेबाच्या टेबलाखालून काही जात नाही. पण निविदा वाचायला घेतली की घाम फुटतो. मागच्या तीन वर्षांची उलाढाल इतकी हवी, अशाच पुरवठ्याचा अनुभव इतका हवा, बयाणा इतका, माल सगळ्या विभागांना पोचता करायचा. पाच मशीनच्या दुकानाने काय करावं? लहान उद्योगांना सवलती आहेत, नाही असं नाही. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघू उद्योगांकडून घ्यायचा आहे, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांचा. पण संपूर्ण राज्याचा माल एकाच निविदेत बांधला की सवलत कागदावर राहते आणि माझ्यासारखा बाहेर.

बाहेर म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या हाताखाली. एका पुरवठादाराकडून मी १,१०० पँटी मजुरीने शिवायला घेतल्या. नगाला ८५ रुपये. दुकानात मी एका पँटीचे ४५० घेतो, त्यामुळे ८५ मध्ये मी काय शिवलं असेल याची कल्पना वाचकांनी करावी. इंचाला ११-१२ टाके घालायचे तिथे ८ घातले, खिशाला सर्वांत स्वस्त अस्तर लावलं. मीच लावलं, नाव दुसऱ्याचं कशाला सांगू? त्यातल्याच काही पँटी पुढे दुरुस्तीला माझ्याच दुकानात आल्या. माझी शिवण मी लगेच ओळखली. गप्प बसलो आणि खिशाचं अस्तर फुकट बदलून दिलं. मजुरीचे पैसे ११ महिन्यांनी आले. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ते व्याज मागून वर पुढचं काम मिळवलेला शिंपी मला कुणी दाखवावा, मी त्याचा सत्कार करतो.

म्हणून काही जण म्हणतात, गणवेशच देऊ नका, पैसे खात्यात टाका. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर तेच केलं, २०१७ मध्ये कितीतरी पदांना वर्षाला ५,००० रुपये पोशाख भत्ता एकरकमी सुरू झाला. माझ्या धंद्याला हे सोयीचं. पण प्रत्येकाने आपापल्या दुकानातून कापड घेतलं की एकाच कार्यालयात खाकीच्या सात छटा जमतात. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो, हे आम्हाला रोजचं आहे. कापडाचा एकच तागा, निदान एकाच रंगणीतला माल जिल्ह्याला यावा, पण शिलाई इथेच माप घेऊन व्हावी, या मताचा मी आहे. कापडासाठी लांब जायलाही नको. इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग आहेत, सोलापूरला गणवेशाचाच मोठा उद्योग उभा आहे. आणि कापडात काय किती आहे हे तपासायचं तर इचलकरंजीची वस्त्रोद्योगाची शिक्षणसंस्था इथून अडीच तासांवर आहे. माझ्या काडीपेटीवर कुणी विसंबू नये.

शिलाई स्थानिक म्हणजे आपोआप चांगली, असंही नाही. शाळेच्या गणवेशाचं आपण पाहिलंच. २०२४-२५ ला राज्यभराचं कापड एका जागेवरून घेऊन शिवायला महिला बचत गटांकडे दिलं. उशीर झाला, मापाच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षासाठी अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. त्यावरून बायकांना शिवता येत नाही असा निष्कर्ष काढणारे मला भेटले. माझ्याकडच्या पाचपैकी तीन मशीनवर बायका आहेत, त्यांची कॉलर मला जमत नाही. मुख्य गोष्ट, कापड पावसाळ्याच्या तोंडावर आलं तर कुठला शिंपी जूनमध्ये पोरांच्या अंगावर गणवेश घालणार?

मला साधं एवढंच कळतं की निविदा काढायच्या आधी कार्यालयाने एक वही करावी. प्रत्येकाची कंबर, छाती, खांदा, उंची, आणि तो दिवसभर काय करतो ते. ४० माणसांचं माप मी दीड तासात घेतो, पैसे घेणार नाही. निवडलेल्या नमुन्याचा एक जोड सही-शिक्का मारून कार्यालयातच ठेवावा आणि माल आला की गाठोडं सोडायच्या आधी दोन्ही शेजारी धरावेत. त्यातला एक जोड तीन वेळा धुऊन फुटपट्टी लावावी, आटलं किती ते कळेल. आणि दाब ठेवा असं निविदेत एका ओळीत लिहावं. दीड इंच. पुरवठादार कुरकुर करेल, करू दे.

बाकी, ज्या साहेबांनी दंडाचं फर्मान काढलं त्यांना आपल्या अंकामार्फत एक निरोप द्यावा. वरच्या फळीवरच्या १४ पँटींपैकी ९ त्यांच्याच कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या आहेत. 'काहीतरी करा' वाली पँट धरून सगळं काम शनिवारी संध्याकाळपर्यंत होईल. सोमवारपर्यंत त्या कर्मचाऱ्यांना दंड करू नये.

आपला,
एक शिवणकाम करणारा, शनिवार पेठ, सातारा
(नाव आणि पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये. निम्मी गिऱ्हाइकं सरकारी आहेत.)