ओढ्याकडचं रान विकू नका

कॉर्क, आयर्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही दोन वाक्यांत विषय संपवलात. ओढ्याकडचं रान काढू, पैसे पाठवतो, घर घेऊन टाक. आणि लगेच फोन आईकडे दिलात. फोनवर याचं उत्तर मला देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. दरडोई उत्पन्नात जगात पहिल्या चार-पाचांत असलेल्या देशात आपली पगारदार पोरगी एका घरातली एक खोली भाड्याने घेऊन का राहते, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र जरा लांबून येतं.

सगळा देश ७० हजार चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या पाव भागाएवढाही नाही. २०२२च्या जनगणनेत माणसं भरली साडेएकावन्न लाख. आपला कोल्हापूर जिल्हाच २०११ साली ३८ लाख ७६ हजारांचा होता. बेटाच्या उत्तरेकडच्या सहा काउंट्या (म्हणजे जिल्हे) ब्रिटनकडे, उरलेल्या सव्वीस म्हणजे हा देश. कडेकडेने डोंगर, मधे सखल ओली जमीन. सगळ्यात उंच शिखर कॅरनटूहिल, हजार मीटरच्या थोडं वर, म्हणजे कळसूबाईच्या कमरेपेक्षा जरा वर. पाऊस गगनबावड्यासारखा कोसळत नाही, बारा महिने थोडा थोडा येत राहतो. अटलांटिकच्या कोमट प्रवाहामुळे बर्फ क्वचितच पडतो. त्यामुळे गवत वर्षातले बहुतेक महिने वाढतं, आणि गवत आहे तिथे गाय आहे.

आता हे खास तुमच्यासाठी, कारण डेअरीत सेक्रेटरी म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला हेच आधी सांगायला हवं. इथली पहिली सहकारी दूध संस्था १८८९ साली लिमरिक काउंटीतल्या ड्रमकॉलोहर गावात निघाली, होरेस प्लंकेट यांच्या सहकारी चळवळीतून. आपल्याकडचा सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४चा. इथले शेतकरी अजूनही 'को-ऑप'ला दूध घालतात, पण मोठ्या संस्थांपैकी काही शेअर बाजारात गेल्या आणि तिथे सभासदाचं किती चालतं यावर गावोगाव वाद असतात. ते ऐकताना मला आपल्या वार्षिक सभा आठवतात, फक्त इथे कुणी खुर्च्या फेकत नाही. दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागावर) नाही, फॅट आणि प्रोटीनच्या किलोवर. शिवाय दुधातलं पाणी वाहून नेण्याचा, आटवण्याचा खर्च लिटरमागे वजा करतात. 'ए प्लस बी मायनस सी' म्हणतात त्याला. गाई बहुतेक सगळ्या फेब्रुवारी-मार्चमध्येच वितात, म्हणजे वासरू झालं की रानात गवत तयार. मे महिन्यात दुधाचा पूर, हिवाळ्यात कारखाने निम्मे रिकामे. म्हणून ताजं दूध विकण्यापेक्षा लोणी, चीज, पावडर. दुग्धजन्य मालातला नव्वद टक्क्यांच्या आसपास बाहेर जातो. लोण्याचा व्यापारही जुनाच, कॉर्कची लोण्याची बाजारपेठ १७७० सालची, पिंपं तपासून प्रत ठरवून जहाजावर चढायची. आणि हो, म्हशी! मॅक्रूमजवळ एका शेतकऱ्याने म्हशी पाळल्यात, चीजसाठी. तुम्ही आलात की पहिल्यांदा तिकडेच जाऊ.

युरोपने १९८४ पासून लावलेला दुधाचा कोटा २०१५च्या एप्रिलमध्ये उठला आणि गाई वाढल्या. आता नद्यांत नायट्रेट वाढलं म्हणून ब्रसेल्सशी, म्हणजे युरोपीय संघाशी भांडण सुरू आहे. शेतकऱ्यांची बाजू मला पटते, पण नदीचीही पटते.

एवढं अन्न पिकवणाऱ्या या देशात १८४५ पासून माणसं उपाशी मेली. बटाट्यावर करपा पडला. गरिबाचं पोट बटाट्यावर, आणि धान्य, जनावरं, लोणी जमीनदाराच्या खंडापोटी जहाजांत भरून इंग्लंडला. दहा लाख माणसं गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ साली अख्ख्या बेटावर ८१ लाखांवर लोक होते, तो आकडा आजही परत गाठलेला नाही. १९६१ साली तर या सव्वीस काउंट्यांत २८ लाखच उरले होते. कॉर्कजवळ कोव्ह नावाचं बंदर आहे, तिथून लाखो तरणी पोरं अमेरिकेला गेली. माझ्या घरमालकीणबाईंच्या आजीच्या सगळ्या बहिणी तिथूनच बोटीत बसल्या, एकही परत आली नाही. मी भारतातून आले म्हणताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता, 'घरी फोन करतेस ना?' हा होता.

ही गळती थांबवायची म्हणून १९५८ नंतर सरकारने दारं उघडली. परदेशी कारखान्यांना कमी कर, १९७३ साली युरोपीय समुदायात प्रवेश, इंग्रजी बोलणारी शिकलेली मुलं. पुढे कंपनी कर १२.५ टक्क्यांवर आणला (अगदी मोठ्या कंपन्यांना २०२४ पासून १५). अमेरिकी औषध आणि संगणक कंपन्या आल्या, माझी नोकरी त्यातलीच. पण त्या कंपन्या जगभरचा नफा इथल्या वहीत लिहितात. २०१५ साली एका वर्षात जीडीपी २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं, तेव्हा इथले लोकच हसले. आता देशाचं सांख्यिकी खातं स्वतःच वेगळा, चाळून घेतलेला आकडा काढतं आणि तो जीडीपीच्या साठ टक्क्यांहूनही कमी भरतो. तुम्ही वाचलेला दरडोई आकडा तो न चाळलेला. कंपनी कराचा निम्म्याहून जास्त भरणा दहा कंपन्यांकडून येतो. त्यातल्या दोघी-तिघींनी बिऱ्हाड हलवलं तर काय, ही चिंता इथल्या प्रत्येक अर्थसंकल्पाच्या भाषणात असते.

म्हणजे पैसा आहे, खोटा नाही. घरं नाहीत. २००६च्या सुमाराला इथे वर्षाला नव्वद हजारांच्या आसपास घरं बांधली जात होती, सगळी बँकांच्या उधारीवर. २००८ला फुगा फुटला, सरकारने बँकांचा भार उचलला, २०१० साली युरोप आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. बिल्डर बुडाले, गवंडी-सुतार ऑस्ट्रेलियाला गेले. २०१३ साली वर्षात पाच हजार घरंही झाली नाहीत. माणसं मात्र परत येऊ लागली, माझ्यासारखी बाहेरचीही आली. आज दर पाच माणसांत एक परदेशात जन्मलेला आहे. २०२४च्या अखेरीस मधल्या किमतीचं घर साडेतीन लाख युरोच्या आसपास होतं. बँक उत्पन्नाच्या चौपट कर्ज देते, दहा टक्के आपले घालायचे.

आई, राजकारणाचं तुला जास्त कळेल. शिक्षक मतदारसंघात तू १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचीस ना, इथे सगळ्या देशाची निवडणूक तशीच होते, एका मतदारसंघातून तीन ते पाच खासदार. मोजणी दोन-तीन दिवस चालते आणि लोक ती क्रिकेटसारखी बघतात. १९२२च्या यादवीत एकमेकांवर बंदुका रोखलेल्यांचे वारस असलेले दोन पक्ष २०२० पासून एकत्र सरकारात आहेत, पंतप्रधानपद आळीपाळीने. आपल्याकडे 'अडीच-अडीच वर्षां'वरून काय रामायण झालं! इथे २०२२च्या डिसेंबरात पंतप्रधान मार्टिन यांनी खुर्ची खरंच सोडली, आणि ती मिळाली कुणाला, तर मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांच्या मुलाला, लिओ वराडकरांना.

राज्यघटना बदलायची तर जनमत घ्यावंच लागतं. आपल्या बेळगावची सविता हलप्पनवर तुला आठवते. २०१२ साली गॉलवेत, गर्भ वाचणार नाही हे दिसत असूनही ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला आणि ती जंतुसंसर्गाने गेली. २०१८ साली जनमतात ६६ टक्के मतदारांनी घटनेतलं गर्भपातबंदीचं कलम काढून टाकलं. तिचा फोटो हातात घेऊन फिरणाऱ्या बाया बहुतेक इथल्याच होत्या.

आणि २०२५च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांना मारहाण झाली, तेही खरं आहे. दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली होती. मी रात्री एकटी निघायचं टाळते, आजही. घरं कमी पडली की राग आधी बाहेरच्यावर निघतो. पण त्याच आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्याने न विचारता मला स्टेशनवर आणायला गाडी काढली, हेही लिहून ठेवते.

तर बाबा, रान विकू नका. ही किंमत भीतीवर आणि टंचाईवर चढलीय, तुमच्या दोन एकरांनी इथे फक्त सुरुवातीची रक्कम निघेल आणि पुढची तीस वर्षं हप्ते माझेच असतील. मी इथे कायम राहणार का, हे मलाच ठरलेलं नाही. ठरलं तर सुरुवातीचे दहा टक्के मी माझ्या पगारातून साठवेन. इथल्या खंडकऱ्यांनी जमीन स्वतःच्या नावावर व्हावी म्हणून १८७९ पासून पंचवीस वर्षं लढा दिला. त्यांची नातवंडं आता रान विकणाऱ्याला कसं बघतात ते मी बघितलंय.

त्यापेक्षा मे महिन्यात दोघं या. रात्री दहापर्यंत उजेड असतो, आईला फिरता येईल. शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, आईच्या पेन्शनचा कागद, सातबारा, सगळं दादाला स्कॅन करायला सांगा. परत जाणार आहात याचा पुरावा ते मागतात. गुडघ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप करून घ्या, हाताने लिहिलेली नको. मार्चच्या आधी अर्ज गेला पाहिजे.

तुमची,
रेवती